वाटा

बाबांची वही दोन्ही बाजूंनी सुरू होते. सरळ धरून उघडली की उचल, रोज, दुकानाची उधारी. उलटी करून मागून उघडली की गाणी. मध्यावर दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि तिथं एका पानावर वर गाणं, खाली गूळ-मीठ-रॉकेल असा घोळ झालाय. किराणा दुकानात गल्ल्यापाशी असते तसली लांबोडकी वही, लाल कापडाच्या पाठीची. कापडाचा रंग आता विटकरीकडं गेलाय आणि शिवण दोन ठिकाणी सुतळीनं आवळलीय.

बाबा म्हणजे माझे आजोबा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. वही त्यांची, अक्षर माझ्या वडिलांचं. सुरुवातीच्या पानांवर ते तिसरी-चौथीतल्या पोराचं आहे, रेघ सोडून वर चढणारं. शेवटाकडं मॅट्रिकच्या मुलाचं, तिरपं आणि ऐटदार. वडील सांगायचे, बाबा रात्री घरी असले की मला चिमणीपुढं बसवायचे, ‘लिही’ म्हणायचे आणि गायला लागायचे. माझा हात मागं पडला तरी थांबायचे नाहीत, कारण थांबले की पुढचं सुचायचंच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. गाणं ज्याला तोंडपाठ असतं त्याला ते मधूनच कुठून तरी धरता येत नाही. म्हणून वहीत काही गाण्यांचं पहिलं कडवं तीन-तीनदा आहे आणि शेवटचं एकदाच, तेही घाईघाईनं उतरवलेलं.

त्या शेवटच्या कडव्यात बहुतेक ठिकाणी एक नाव येतं. वामन.

आमचं गाव देवळा. नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेला, विंचूर-प्रकाशा रस्त्यावर, चांदवडकडून येताना भावडबारीचा घाट ओलांडला की लागतं ते. १९९९ साली त्याचा तालुका झाला. त्याआधी आम्ही कळवण तालुक्यातले, आणि एका उताऱ्यासाठी दिवसाचा रोज बुडवून कळवणला जाणं हा वडीलधाऱ्यांच्या गोष्टींतला नेहमीचा प्रवास. लोहोणेर-विठेवाडीकडं गिरणेचं पाणी, ऊस, साखर कारखाना. उमराण्याकडं सरकलं की रान कोरडं पडत जातं. गावात पाचकंदील नावाचा चौक आहे. लहानपणी मी तिथं कंदील शोधायचो. चैत्रात खानदेशातनं सप्तशृंग गडाला पायी निघालेले लोक आमच्या गावावरून जातात. वाटेवरचे लोक त्यांना पाणी देतात, सावलीला बसवतात, हात जोडून जेवायला वाढतात. मोठी माय, म्हणजे माझी आजी, ओट्यावर बसून हे बघायची. एकदा म्हणाली, “वाढाले येस त्यासले.” वाढता येतं त्यांना. मला वाटलं, कौतुक करतेय.

ती काय बोलत होती ते मला खूप उशिरा कळलं.

मोठी माय लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घराकडं येसकरकीची पाळी होती. महार वतनातल्या कामांची यादी सांगायला ती बसली की बोटं पुरत नसत: दवंडी, टपाल, चावडीची झाडलोट, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळणं, मेलेलं जनावर ओढणं, मयताची खबर घेऊन दुसऱ्या गावाला जाणं. याच्या बदल्यात सुगीला बलुतं आणि रोज संध्याकाळी भाकर. ही भाकर मागायला जायची तीही कामातच धरलेली. घरातल्या कुणीतरी टोपली घ्यायची, दारात उभं राहायचं आणि हाक द्यायची. हाक देताना आवाज किती चढवायचा याचाही अंदाज लागे. हळू दिली तर आत ऐकू जात नाही, मोठी दिली तर ‘मस्ती आली’.

ते सगळं ती मला करून दाखवायची. डाव्या हातात नसलेली टोपली, उजव्या हातानं सावरलेला पदर, मान खाली. वरून भाकर पडली की टोपली किंचित खाली न्यायची. “नही ते मोडस,” ती म्हणे. अधांतरी सोडलेली भाकर टोपलीच्या काठावर आपटून तुटते आणि तुकडा मातीत जातो. टोपली खाली नेण्याची ती एक वीत मी अजून बघू शकतो. कुणाच्या घरची भाकर जाड, कुणाची करपलेली, कुठं सणालाही शिळी, कुठं एक म्हातारी लपवून वर तुपाची बोळी फिरवायची, सगळं तिच्या डोक्यात पक्कं. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई मनातल्या मनात चाळीस घरांचा ताळेबंद ठेवत होती. मी एकदा विचारलं, एवढं कसं लक्षात राहिलं? ती म्हणाली, “भाकर मोजाले भूक शिकाडस.”

बाबांकडं याच भाकरीची वेगळी गोष्ट होती, त्यांनी त्यांच्या आज्याकडून ऐकलेली. बेदरचा बादशहा, त्याची पळवून नेलेली राणी, आणि तिला शोधायला निघालेला अमृतनाक महार. निघताना अमृतनाकानं बादशहाजवळ एक बंद डबी ठेवायला दिली. राणीला सोडवून आणलं, मग दरबारात कुजबूज सुरू झाली की इतक्या दिवसांची वाट, राणी आणि हा एकटा. तेव्हा तो म्हणाला, डबी उघडा. डबीत काय होतं ते बाबा आम्हा पोरांना सांगत नसत. तिथं आले की खाकरायचे आणि एकदम ‘बादशहाची खात्री पटली’ असं म्हणून पुढं जायचे. दावणीच्या बैलाची अवस्था कळण्याइतका मोठा झालो तेव्हा माझं मलाच समजलं. बादशहा खूश होऊन म्हणाला, माग. अमृतनाकानं स्वतःसाठी काही मागितलं नाही, जातीसाठी बावन्न हक्क मागितले. त्यातला एक हा भाकरीचा.

लहानपणी गोष्ट फार आवडायची. आता तिचा राग येतो. म्हणजे गोष्टीचा नाही, ती आम्हाला लागली याचा. एवढी किंमत मोजून मिळालेला हक्क, आणि तो वसूल करायला रोज दिवेलागणीला मान खाली घालून जायचं. ज्याला हक्क म्हणायचं तो मागावा का लागतो, हा प्रश्न बाबांच्या आज्याला पडला नसेल असं नाही. विचारायचा कुठं, ही अडचण.

ती जागा नंतर तयार झाली, आणि बरीचशी आमच्याच जिल्ह्यात. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढं सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागं जिल्ह्यातली माणसं उभी करण्याचं काम दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याच्या भाऊराव गायकवाडांनी केलं. हेच पुढं कर्मवीर दादासाहेब. सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. येवला आमच्यापासून काही फार लांब नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी या तारखा नसायच्या. ते ‘रामाच्या वक्ताला’ आणि ‘येवल्याच्या साली’ म्हणायचे, जसं इतर लोक प्लेगाच्या साली म्हणतात.

त्याच सुमाराला जलसे फिरायला लागले. भीमराव कर्डकांचा जलसा नाशिक जिल्ह्यातल्या तरुणांचा. त्यांनी पुढं आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिलं. साचा तमाशाचाच, कारण लोकांना तोच ओळखीचा: ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज आणि गॅसबत्ती. पण गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन, गवळणीतली राधा गायब, आणि वगाच्या जागी एक सनातनी आणि एक शिकलेला पोरगा यांची जुंपलेली सवाल-जबाबी. मेलेलं जनावर ओढू नका, पोरगी शाळेत घाला, दारू सोडा, वतनाची कामं टाका. ज्याला पत्रक वाचता येत नाही त्याला हे सगळं हसता हसता कळायचं. आमच्याकडं म्हातारी माणसं भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांची हटकून सरमिसळ करायची. एकाचा किस्सा दुसऱ्याच्या नावावर. वडील चिडून दुरुस्त करायचे. बाबा म्हणायचे, असू दे, गाणं आपल्याकडंच आलं ना.

वहीतला ‘वामन’ म्हणजे हे वामनदादा. त्यांचं गाव देशवंडी, तालुका सिन्नर. जन्म १५ ऑगस्ट १९२२. वडील तबाजी, आई सईबाई. पोटासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, चिक्की विकली. पुढं टाटांच्या तेलाच्या कारखान्यात. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमच्या वस्तीतल्या कुठल्याही घरची वाटली होती.

पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट बाबांना फार प्रिय होती, आणि ती ते वामनदादा आपल्या सख्ख्या भावकीतले असल्यासारखी सांगायचे. चाळीत कुणीतरी वामनदादांपुढं एक पत्र धरलं आणि म्हणालं, एवढं वाचून दाखव. माणूस ऐन तारुण्यातला, समता सैनिक दलात पोरांना कवायत शिकवणारा, चारचौघांत रुबाब असलेला. पत्र हातात, आणि एकही अक्षर कळेना. त्या शरमेनं रडले. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरं गिरवायला लावली, आणि पुढचा सगळा सराव रस्त्यावर: दुकानांच्या पाट्या. चालता चालता एकेक पाटी लावत जायचं. मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या म्हणजे त्यांची शाळा. १९४३ साली त्यांनी पहिलं गाणं रचलं, एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावर बेतलेलं विडंबन. लोक हसले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हे जमतं.

पत्राशी आले की बाबांचा आवाज खाली जायचा. पुढं पाट्यांशी आले की परत चढायचा. पाट्यांची नावं ते स्वतःच्या पदरची घालायचे. त्यांच्या गोष्टीत शिवडीला देवळ्याच्या पेठेतली दुकानं असायची.

बाबा मनमाडला जायचे. देवळ्याहून चांदवड, चांदवडहून मनमाड. तिथं धान्याची मोठमोठी गोदामं, रेल्वेच्या वाघिणीतनं गहू उतरवून थप्पी लावायची. हमालांची टोळी, टोळीचा मुकादम, गोणीमागं दर. गोणी शंभर किलोची. पाठीवर घेताना एक माणूस मागून उचल द्यायचा, त्यानंतर थप्पीपर्यंत एकटं. ते मनमाडला राहायचे आणि पंधरा दिवसांनी घरी यायचे. मनमाड हे रेल्वेचं गाव, कामगारांचं गाव. फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी तिथंच अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत सांगितलं होतं की तुमचे शत्रू दोन: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. जुन्या हमालांना यातला दुसरा शब्द उच्चारता यायचा नाही; ते ‘दोन दुस्मान’ एवढंच म्हणायचे आणि दोन बोटं दाखवायचे. त्यांचं तेवढ्यात भागायचं.

दुष्काळाच्या आदल्या साली, म्हणजे १९७१ मध्ये, मनमाडला भीमजयंतीच्या रात्री बाबांनी वामनदादांना ऐकलं. मोठ्या मायनं जवसाचं तेल आणि पायलीभर ज्वारी आणायला पैसे दिले होते. सकाळची एसटी धरायची होती. बाबा पाठीवरचा गव्हाचा भुसा न झटकता गर्दीत जाऊन बसले आणि पहाटेपर्यंत उठले नाहीत. त्या रात्रीचं वर्णन ते कधी नीट करू शकले नाहीत. गाणारा माणूस कसा होता विचारलं तर म्हणायचे, “आपलाच शे.” आवाज कसा होता? “आपलाच शे.” एका गाण्याची गोष्ट मात्र ते पुन्हापुन्हा सांगायचे. त्यात देशातल्या बड्या धनवंतांची नावं घेऊन सरळ विचारलं होतं की एवढा साठा झालाय तर त्यात आमचा वाटा कुठं आहे.

गाणं प्रसिद्ध आहे. वहीत ते आहे, पहिलं कडवं चारदा.

मी या गाण्याचा खूप विचार केलाय. गरिबीवरची कविता मराठीत कमी नाही. तिच्यात बहुतेक वेळा गरीब दिसतो: त्याचं घर, त्याची चूल, त्याच्या पोराचे डोळे. वाचणाऱ्याला गलबलतं. वामनदादांच्या या गाण्यात गरीब दिसतच नाही, तो बोलतो, आणि बोलतो ते हिशोबाचं. त्यात कळवळा नाही, थोडी टर आहे, समोरच्याला गाठून पट्टी मागावी तसा सूर आहे. बाबांनी दिवसाला किती गोण्या वाहिल्या ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं; मुकादमाच्या आकड्यात फरक पडला तर ते भांडायचे. पण थप्पी लागली, गोदामाचं दार ओढलं, पुढं ते धान्य कुणाचं, हा प्रश्न त्यांच्या हिशोबात कधी आला नव्हता. त्या रात्री आला. आणि मोठ्या मायच्या टोपलीत वरून जी भाकर पडायची तिलाही लोक वाटाच म्हणत होते की. बलुत्यातला वाटा. शब्द तोच. मागायची तऱ्हा बदलली आणि शब्दाचं तोंड फिरलं. भाकर वाढा म्हणणारा आता म्हणतोय, वही दाखवा.

बाबा दोन दिवस उशिरा घरी आले. ज्वारी नाही, तेल नाही. पैशातले काही गाणाऱ्याच्या पुढं टाकलेले, उरलेले परतीच्या तिकिटाला. मोठी माय दारातच उभी. तिनं जे विचारलं ते आमच्या घरात म्हण झालंय: “पोटले भाकर नही, नि गानं कसाले?” बाबांनी उत्तर म्हणून तेच गाणं म्हटलं. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं आदळला आणि शेजारी ज्वारी उसनी मागायला गेली. बाबांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली की विनोदी वाटायची. तिच्या तोंडून ऐकली की नाही. उसनी मागायला पदर सावरून दारात उभं राहणं तिला करावं लागलं होतं, त्यांना नाही. वाट्याचं गाणं ऐकून आलेल्या माणसाच्या घरातही काही वाटे ठरलेलेच असतात.

मग १९७२ आलं. विहिरी आटल्या, कोलथी नदीत पोरं क्रिकेट खेळायला लागली, जनावरं कसायाला गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली. याच दिवसांतून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ साली झाला. आमच्याकडं रस्त्याची खडी. मोठी माय, तिची जाऊ, गावातल्या कुणब्याच्या बायका, सगळ्या एका रांगेत. तिला याची गंमत वाटायची. “दुसकायमा बठ्या सारख्या,” ती म्हणे. दुष्काळात सगळ्या सारख्या. ज्या दारांतून तिनं भाकर घेतली होती त्या दारांतल्या सुना तिच्या शेजारी हातोडी घेऊन बसल्या होत्या. एका पोरीचा अंगठा पहिल्याच दिवशी ठेचला, तेव्हा मोठ्या मायनं तिला शिकवलं: दगड बोटांनी धरायचा नाही, चिंधीच्या कड्यात बसवायचा, आणि घाव शिरेवर घालायचा. खडीच्या ढिगाचं माप घ्यायला माणूस यायचा, ब्रासवर रोज ठरायचा. ढीग सैल रचला तर मोठा दिसतो, हे बायकांना ठाऊक होतं. मापाच्या माणसालाही ठाऊक होतं, तो वरून लाथ मारून ढीग बसवून बघायचा. दुपारी सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो. तिची भाकर थापली की फाटायची.

आणि या कामावर मोठी माय गायची. बाबांनी मनमाडहून आणलेलंच गाणं. तिनं ते मुद्दाम शिकून घेतलं नव्हतं, वर्षभर ऐकून ऐकून कानात बसलं होतं. हातोडी पडायची त्या ठेक्यावर ते चपखल बसायचं. कुणब्याच्या बायका मागं ओढायच्या. त्यांना त्यातले संदर्भ माहीत होते की नाही कोण जाणे, पण ‘वाटा’ हा शब्द आला की रांगेत जोर यायचा, आणि मापाचा माणूस ढिगाजवळ आला की मुद्दाम तेच कडवं दोनदा व्हायचं. लाथ थांबली का? नाही. ती हसून सांगायची, “तो बी गुनगुनाले लागना व्हता.”

वामनदादांनी आयुष्याचा एक काळ खडी फोडलेली होती. गाणं फिरून खडीवरच आलं, हे तिला मी सांगितलं तेव्हा ती फारशी चकित झाली नाही. म्हणाली, मग, ठेका कुठनं आला असंल?

दहा हजारांच्या वर गाणी त्यांनी लिहिली असं सांगतात. पहिला संग्रह, ‘वाटचाल’, १९७३ साली आला, म्हणजे त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मग ‘मोहळ’, मग ‘हे गीत वामनाचे’. १९९३ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. तोवर मराठी वाङ्मयाच्या अंगणात त्यांना कवी म्हणावं का शाहीर, यावर लोक घुटमळत होते. चालींवर आक्षेप होता: सिनेमाच्या चाली कशाला? मला विचाराल तर यात हुशारी आहे. चाल आधीच गावात पोचलेली असते, तुम्हाला फक्त शब्द पाठवायचे असतात. टपालखातं आयतं मिळतं. अण्णाभाऊ साठे दीड दिवसाच्या शाळेवर कादंबऱ्या लिहून गेले. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, रशिया बघून आले, आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीतला त्यांचा मुक्काम प्रसिद्धच आहे. नारायण सुर्वे गिरणीतून कवितेत आले. ही दोन नावं आता अभ्यासक्रमात आहेत, असावीतच. पण आमच्या देवळ्याच्या वस्तीत अण्णाभाऊ आणि सुर्वे माझ्या वडिलांच्या पिढीबरोबर पोचले, पुस्तकातून. वामनदादा अक्षराच्या आधी पोचले होते.

वहीची सरळ बाजूही आता सांगायला हवी. तिथं एका पानावर शाईनं एक मोठी रक्कम लिहिलीय आणि पुढं ‘सरकारजमा’. आमच्या हाडोळ्याची, म्हणजे महार वतनाच्या जमिनीची नोंद आहे ती. वतनं बंद करण्याचा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला आणि येसकरकी कागदावरून गेली. आमच्या घरानं तर ती धर्मांतराच्या साली, १९५६ मध्येच टाकली होती आणि मोठ्या मायची टोपली खुंटीला अडकली होती. त्या पहिल्या संध्याकाळी काय खाल्लं? कण्या. वतनाची जमीन परत नावावर करून घ्यायची तर कब्जेहक्काची रक्कम सरकारात भरायची, तीही नव्या अविभाज्य शर्तीवर. ज्यांच्याकडं भरायला होतं त्यांनी भरली. बाबांनी भावकीकडून गोळा केलं, उरलेलं मनमाडच्या पाठीवर काढलं. आज सातबाऱ्यावर त्या तुकड्याला सतरा नावं आहेत. आमच्या वाट्याला जेवढं येतं त्यात उन्हाळ कांद्याचे काही वाफे बसतात. पाण्याचं साल असलं तर. लोक म्हणतात, जमीन आहे ना तुम्हाला. आहे. वाफे मोजून दाखवतो.

दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९६४ च्या डिसेंबरात, लाखांनी माणसं तुरुंगात गेली. आमच्या वस्तीतलेही काही गेले होते, बाबा नाही. ‘गोदामात गहू आला होता,’ असं ते सांगायचे आणि गप्प व्हायचे. त्यांना ते लागून राहिलं होतं. मला वाटतं, वहीतली जमिनीवरची गाणी त्यांनी एवढ्या हट्टानं उतरवून घेतली त्यामागं हेही असावं.

बाबा गेले त्यानंतर चार वर्षांनी, १५ मे २००४ ला नाशकात वामनदादा गेले. मोठ्या मायला वस्तीतल्या पोरांनी येऊन सांगितलं. ती ओट्यावर गोल्टी निवडत बसली होती. मोठा कांदा एका बाजूला, गोल्टी एका बाजूला, सडका पाटीत. ऐकून तिनं हात थांबवला नाही. जरा वेळानं म्हणाली, “तुन्हा बाबाले कोन सांगी?”

तिच्या माघारी पत्र्याची पेटी उघडली तेव्हा वही माझ्याकडं आली. अगदी शेवटच्या पानावर, म्हणजे दोन्ही बाजूंकडून धरलं तरी ज्याला शेवटचं म्हणता येईल अशा मधल्या कोऱ्या पानावर, पेन्सिलीनं काहीतरी गिरवलेलं आहे. अक्षर वडिलांचं नाही. ‘वामन’. परत ‘वामन’. पानभर, एकाखाली एक, सुरुवातीचा ‘व’ शून्यासारखा, पुढं पुढं त्याला दांडी फुटत गेलेली. वडिलांना दाखवलं तर ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, गाणं कुठं संपलं ते बाबांना या तीन अक्षरांवरून कळायचं. बोट ठेवून दाखवायचे, इथपर्यंत म्हण. तेवढं एक नाव त्यांना वाचता येत होतं. लिहून बघितलं होतं हे माहीत नव्हतं.

सगळ्यात खाली त्यांच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर आहे. त्याच्यावरून कुणीतरी बॉलपेननं चौदा गोण्यांची बेरीज केलीय, हमाली-तोलाई वजा जाता.